सहाव्या अक्षराचा दोष

उमरगा,
३ मार्च १९६३

श्री. लालमहंमद मास्तर यांस
शिवलिंगप्पाचा नमस्कार.

चौदा वर्षांनी माझे अक्षर पाहून पत्र फाडावेसे वाटेल. फाडा, पण आधी वाचा. गरज माझी आहे. 'अडला हरी' म्हणतात, पण पुढचे शब्द लिहिले तर तुमचाच अपमान व्हायचा, म्हणून सोडून देतो.

आमचा बसप्पा गेला. नोव्हेंबरात, चीनच्या लढाईत, नेफाच्या डोंगरात. तार डिसेंबरात आली. देह सापडला नाही. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. इथे बसवायलाही काही आले नाही. तुम्हाला कळले असणारच. तुमचे कार्ड आले नाही, त्याची तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात त्याची लोखंडी ट्रंक आली. दोन शर्ट, एक स्वेटर, दाढीचे सामान, आणि नीलम्माने शिवून दिलेल्या बंडीच्या आतल्या खिशात बारीक घडी घातलेला एक कागद. घर सोडल्यापासून सहा वर्षांत त्याने मला एक ओळ लिहिली नाही. आईला सणासुदीला कार्ड यायचे, 'खुशाल आहे' एवढेच. त्यामुळे कागद मी दार लावून घेऊन उघडला, हे कबूल करतो.

कागदावर कविता निघाली. भाषा मराठी, पण लिपी उर्दू. निजामाच्या अमदानीत आपण सगळेच ती लिपी घोकून बसलो, म्हणून वाचता आली. बाळबोधीत उतरवून देतो:

चूल आत्ता पेटली, थांबा जरा
शीळ कोठे वाजली? थांबा जरा

बूट ओले, मोजे ओले, वाळवू
हालते ही सावली, थांबा जरा

पत्र अर्धे, शाई गोठे, रोज हे
ओळ आत्ता लाभली, थांबा जरा

वाट सोडा, पूल तोडा, सांगती
यायचा आहे वली, थांबा जरा

मी दोन दिवस हिच्यामागे लागलो. ओळीला अक्षरे अकरा. गण पडतात र, त, म आणि शेवटी ल, ग. अकरा अक्षरांची इंद्रवज्रा नाही, शालिनी नाही, रथोद्धता नाही. जुनी पोथी पालथी घातली, असे वृत्त मिळाले नाही. मात्रा मोजल्या तर एकोणीस. पण 'बूट ओले' आणि 'पत्र अर्धे' या दोन ओळींत वीस भरतात. 'मोजे'मधला 'जे' आणि 'शाई'मधली 'ई' दीर्घ आहेत, तिथे ऱ्हस्व हवे. आठ ओळींत 'थांबा जरा' पाच वेळा. याला पुनरुक्तीचा दोष म्हणतात. शिवाय युद्धाची कविता म्हणावी तर इथल्या शाळेत पोरे 'पुढे चला, पुढे चला' म्हणून घसा फोडतात, आणि हा गृहस्थ थांबा म्हणतो. सवयीने लाल पेन्सिल मूळ कागदावरच फिरली. दोन्ही दोष अधोरेखित केले, समासात प्रश्नचिन्ह टाकले.

माझे मत असे की ही कविता बसप्पाची नाही. बारा वर्षांचा असल्यापासून मी त्याच्याकडून गण घोकून घेतले होते. मात्रेला तो चुकणार नाही. आणि शेवटी नावच आहे. वली नावाचा कुणी सोबती मागे राहिला असावा, किंवा त्या वलीनेच लिहून याच्याकडे ठेवायला दिली असावी. नीलम्माचे म्हणणे वेगळे. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण म्हणते, "माझ्या हातच्या खिशात हुता, म्हंजी माझ्या लेकाचाच हाय." रात्रंदिवस मुठीत धरून बसते.

तुम्ही उर्दूचे जाणकार. हे वृत्त कोणते, आणि जिल्ह्यातला कुणी वली नेफात होता का, एवढे कळवा. दुसऱ्याच्या मुलाची वस्तू घरात ठेवून माझ्या बायकोने रडावे, हे मला बरे वाटत नाही.

शिवलिंगप्पा


बेंबळी,
१७ मार्च १९६३

शिवलिंगप्पा गुरुजींना
लालमहंमदचा सलाम.

बसप्पाचं कळलं होतं. कार्ड लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळा वाटलं, माझ्या मराठीत चूक निघायची. सांत्वनाच्या कार्डावर लाल रेघ ओढलेली कुणाला आवडेल?

तुम्ही विसरला असाल, मी नाही. पोलीस अॅक्शननंतर उर्दूच्या मास्तरांचं काय करायचं म्हणून खात्यानं तुमचा अभिप्राय मागवला होता. तुम्ही लिहिलं, "उच्चार सदोष. मराठी शिकवण्यास अयोग्य." खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. माझा 'ळ' आजही तुमच्यासारखा लागत नाही. पण आठ वर्षं एका डब्यात जेवलेल्या माणसाबद्दल तुम्हाला लिहायला एवढंच सापडलं. त्या ओळीनं मी हायस्कुलातून उचलून बेंबळीच्या पहिलीच्या वर्गात आलो. चौदा वर्षं 'अ अननसाचा' शिकवतोय. आता तुम्ही मलाच वृत्त विचारता! अल्लाच्या घरी देर आहे, अंधेर नाही.

विचारलंत तर सांगतो. हे वजन आमच्याकडं रमल म्हणतात. ते पोथीत शोधायचं नसतं, तोंडानं म्हणायचं असतं. ओळीअखेर न बदलता जे शब्द फिरून फिरून येतात, त्याला रदीफ म्हणतात. त्याच्या आधी पेटली, वाजली, सावली, लाभली, वली हे यमक, तो काफिया. पहिल्या दोन ओळींत दोन्हीकडं, पुढं एकाआड एक. पाच वेळा आलेलं 'थांबा जरा' हा दोष नाही, तोच खांब आहे. तो काढा, छप्पर खाली. आणि मोजून बघा, चूल पेटताना थांबा म्हणणारा आणि पूल तोडताना थांबा म्हणणारा एकच असला तरी आवाज एक नाही. शब्द तेच राहतात आणि जीव टांगणीला लागत जातो.

मात्रांचं म्हणाल तर 'मोजे' आणि 'शाई' दोन्हींत लांब अक्षर सहाव्या जागी आलंय. ज्याला येत नाही तो कुठंही चुकतो. एकाच जागी दोनदा चुकणारा चुकत नसतो. आमच्यात म्हणताना शब्दाचं शेवटचं लांब अक्षर आखूड करायला परवानगी आहे. ही विद्या ज्यानं शिकवली त्यानं बरोबर शिकवली, एवढं नक्की.

तो वली कोण, हे मात्र मला विचारू नका. वृत्ताचे पंडित तुम्ही आहात, शोधा. वहिनींना माझा सलाम सांगा. कागद त्यांच्याकडं आहे तर राहू द्या.

लालमहंमद


उमरगा,
९ एप्रिल १९६३

श्री. लालमहंमद मास्तर यांस नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. टोमणे वाचले. अभिप्रायाबद्दल एवढेच लिहितो की तेव्हा मला जे खरे वाटले ते लिहिले, आणि आज विचारले तरी तेच लिहीन. माणूस आपला असला म्हणून चूक बरोबर ठरत नाही. याच न्यायाने मी स्वतःच्या मुलालाही वागवले.

वृत्ताचा खुलासा पटला नाही, पण समजला. आता माझी खात्री झाली की हे लिहिणारा तुमच्या शाळेतला कुणीतरी आहे. बसप्पाला ही विद्या कोण शिकवणार?

आणि वली सापडला. जिल्ह्याच्या कचेरीत शिपायांची यादी लावली आहे. त्यात 'शेख वली, तेरखेडा, बेपत्ता' अशी ओळ दिसली. नेफातच होता. मी दोन एसट्या बदलून तेरखेड्याला गेलो. त्याची आई कुलसुमबी, एकटी बाई. फटाक्याच्या कागदी नळ्या वळून पोट भरते. हातावर, नखांत दारूचा काळा थर. मी कागद काढून वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला तिने नळ्यांचे सूप बाजूला सारले आणि माझे पायच धरले. "मास्तर, माझा वली यायचा हाय, असं लिवलंय न्हवं? सरकार म्हनतंय बेपत्ता. ह्यो कागुद म्हनतोय यायचा हाय." मी कागद तिच्या हाती दिला आणि उठलो.

नीलम्मा तीन दिवस जेवली नाही. तिच्या मुठीतून कागद काढताना मला तिची बोटे एकेक करून सोडवावी लागली. पण ज्याचे त्याला पोचले. मी आयुष्यभर दुसऱ्याचे माझे म्हटले नाही.

तुम्ही शोधायला सांगितलेत, मी शोधले. आता प्रकरण मिटले. इतके सविस्तर कळवण्याचे कारण, तुमच्या समाजातल्या एका आईचे भले झाले हे तुम्हाला कळावे.

शिवलिंगप्पा


बेंबळी,
२१ जुलै १९६३

शिवलिंगप्पा गुरुजींना सलाम.

तुमचं पत्र येऊन सव्वातीन महिने झाले. ते आलं त्याच दिवशी मला लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. आता लिहितो, आणि एकदम लिहितो, नाहीतर पुन्हा हात आखडेल.

वली म्हणजे बसप्पा.

आमच्यात रिवाज आहे. गझलेच्या शेवटच्या दोन ओळींत शायर स्वतःचं नाव गुंफतो. आईबापांनी ठेवलेलं नाही, शायरीपुरतं घेतलेलं. ते नाव उस्ताद देतो. शेवटी सही करावी तसं ते. 'यायचा आहे वली' याचा अर्थ मागं राहिलेला कुणी दुसरा नाही. मी अजून यायचा आहे, थांबा, असं तो स्वतःबद्दल म्हणतोय. तो कागद तुमच्या मुलाचा होता, त्याच्या हातचा होता, आणि त्यावर त्याची सही होती.

ती विद्या त्याला कोण शिकवणार, असं तुम्ही विचारलंत. मी शिकवली. लहानपणी माझ्याच वर्गात तो अलिफ बे शिकला होता. सोळा वर्षांचा असताना त्याची पहिली कविता तुम्ही भर वर्गात फळ्यावर लिहिलीत आणि एकेका चुकीखाली रेघ मारून पोरांना हसवलंत. तुम्ही तेव्हा उस्मानाबादेत होता. त्याच रविवारी तो तिथून सायकल मारत बेंबळीला माझ्या दारात आला. म्हणाला, "मास्तर, आमच्या वडिलांला येत न्हाय असं काई शिकवा." मी हसलो आणि शिकवायला लागलो. चार वर्षं दर रविवारी येत होता. तुमच्या घरी सांगायचा, मित्राकडं गणितं करतो.

नाव मागितलं तेव्हा म्हणाला, असं द्या की घरात कागद सापडला तरी वडिलांना कळू नये. उर्दूत लिहायचं तेही त्याचसाठी. मी वली दिलं. त्याची युक्ती एवढी लागू पडली, की आम्हा दोघांनाही ती झेपली नाही.

पलटणीत गेल्यावर त्यानं मला अकरा पत्रं लिहिली. बारावं बहुतेक तोच कागद.

तुमचं मार्चचं पत्र उघडलं आणि कविता वाचताच मी ओळखलं. 'मोजे'सारखं अक्षर आखूड करायला त्याला मीच शिकवलं होतं. तरी मी लिहिलं नाही. का, ते खरं सांगतो. मला बरं वाटलं. चौदा वर्षांनी मोठे पंडित माझ्या दारात उभे होते, पोराची कविता हातात होती आणि ती त्यांना वाचता येत नव्हती. म्हटलं, महिनाभर मोजू देत मात्रा, मग सांगू. त्या महिन्यात तुम्ही तेरखेडा गाठाल, असं मला वाटलं नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर मी लगेच उमरग्याला यायला निघालो होतो. स्टँडावर एसटी उभी होती. मी चढलो नाही. कुलसुमबी खुश आहे तर खुश राहू दे, असं स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही तिच्यातही चूक काढाल.

लालमहंमद


उमरगा,
२५ जुलै १९६३

लालमहंमद,

मायना लिहिण्याची माझी इच्छा नाही.

माझ्या घरात त्याचा एक कागद आला होता. एकच. तो मी स्वतःच्या हाताने बायकोची बोटे सोडवून काढला आणि साठ-सत्तर मैलांवर नेऊन दिला, आणि तुम्ही बेंबळीत बसून पाहत राहिलात. माझा अभिप्राय एका ओळीचा होता आणि तो मी सही करून उघडपणे दिला. तुम्ही सूड घेतलात तोही गप्प बसून. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. तुम्ही तर चौदा वर्षे नांगी जपून ठेवलीत.

नीलम्माला पत्र वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "म्या सांगितलं हुतं." मग उठून चुलीकडे गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही उद्याच्या उद्या तेरखेड्याला जा. तुमच्या भाषेत, तुमच्या रिवाजाने त्या बाईला सगळे समजावून सांगा आणि कागद आणा. तुम्ही बिघडवलेत, तुम्हीच निस्तरा.

शिवलिंगप्पा


बेंबळी,
४ ऑगस्ट १९६३

गुरुजी, सलाम.

गेलो होतो. रिकाम्या हातानं आलो.

कुलसुमबीनं कागद हिरव्या फडक्यात बांधून कोनाड्यात कुराणाशेजारी ठेवलाय. तिला वाचता येत नाही, पण सगळी पाठ आहे. तुम्ही एकदा वाचलीत तेवढ्यावर, आणि गावातल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली तेवढ्यावर. नळ्या वळता वळता म्हणते. हात थांबतो तिथं 'थांबा जरा' येतं. 'मोजे'ला अक्षर आपोआप आखूड होतं. तिला कुणी शिकवलं नाही.

मे महिन्यात चीननं सोडलेले कैदी परत आले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यात तिचा वली नव्हता. भावकीनं सांगितलं, आता तो गेला समज, फातिहा देऊन मोकळी हो. तिनं कागद पुढं केला. "त्यानं सोता लिवलंय, यायचा हाय म्हनून. जित्या लेकाचा फातिहा कशी देऊ?" भावकी उठून गेली.

मी तिच्यासमोर पाऊण तास बसलो. चहा प्यालो. रिवाज सांगायला तोंड उघडलं. तिनं विचारलं, "मास्तर, तुमी शिकल्यालं हाव. यील न्हवं माझा पोरगा?" मी म्हणालो, इन्शाअल्ला. आणि चपला घातल्या.

ज्याला वर्गात मराठी बोलायला अयोग्य ठरवलं, त्याला ते मराठीत सांगायची हिंमत झाली नाही. दखनीत तर त्याहून नाही. तुम्ही खरं बोलणारे आहात. माणूस आपला असला म्हणून चूक बरोबर ठरत नाही, हे तुमचंच वाक्य. तुम्ही जा आणि मागा. तिला सांगा, बाई, हा वली माझा आहे, तुझा मेला.

बसप्पाची अकरा पत्रं माझ्याकडं आहेत. म्हणाल तेव्हा पाठवतो. त्यांत तुमचं नाव बऱ्याचदा येतं. चांगलंही येतं. ते तुम्ही स्वतः वाचलेलं बरं.

लालमहंमद


उमरगा,
३० ऑगस्ट १९६३

श्री. लालमहंमद मास्तर यांस नमस्कार.

तुमच्या पत्रातले 'हा वली माझा आहे, तुझा मेला' हे वाक्य जसेच्या तसे बोलायचे ठरवून तेरखेड्याला गेलो होतो. एसटीत दोनदा मनात म्हणूनही पाहिले. नीलम्मा बरोबर आली. येतेस का, असे मी विचारले नव्हते. स्टँडावर आलो तर ती आधीच येऊन उभी होती.

कुलसुमबीने मला ओळखले. नीलम्माला पाट दिला, हात धुऊन आली, आणि आम्ही काही मागायच्या आधी स्वतःच फडके सोडले. म्हणाली, "गावच्या मास्तरची बदली झाली. तुमी आलाव त्ये बेस झालं. एकदा वाचा, माझ्यातलं काय चुकतंय का बगते."

मी वाचली. याआधी मी ती वाचलीच नव्हती, हे तेव्हा कळले. एप्रिलात त्या अंगणात बसून मी ती गणांत तोडून वाचली होती, मुलांना वाचून दाखवतात तशी. या वेळी सरळ वाचली. 'मोजे ओले'ला माझी जीभ आपसूक पुढे सरकली, 'जे' आखूड झाला आणि ओळ सुरळीत पार पडली. पन्नास वर्षे मी मात्रा मोजल्या. 'शाई गोठे'पाशी पोचलो तेव्हा ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. पोराने जे अर्धे पत्र लिहिले होते ते मला लिहिले होते की तुम्हाला, हे मी आता कुणाला विचारू?

'यायचा आहे वली'ला दोघी बायका एकदम रडल्या. एकीला वाटत होते तिचा येणार आहे. दुसरीला ठाऊक होते की तिचा येणार नाही.

मी कागद हातातच ठेवला होता. मागायचा होता. शब्द जुळवत होतो. तेवढ्यात कुलसुमबी जवळ सरकली. 'मोजे'खालच्या आणि 'शाई'खालच्या लाल रेघांवर, समासातल्या प्रश्नचिन्हावर तिने काळे बोट ठेवले. म्हणाली, "मास्तर, इचारायचं राहूनच जातंय. ह्ये लाल कुनी केलंय? सायबानं का? माझ्या लेकाचं काय चुकलं व्हतं?"

मी तिला सांगितले, "न्हाय बाई. तुमच्या लेकाचं काई चुकलं न्हाय. तपासनाऱ्याचं चुकलं."

हे वाक्य मी त्या फळ्यानंतर अकरा वर्षे उशिरा बोललो, आणि तेही भलत्याच आईपुढे. ज्याला ऐकवायला हवे होते त्याच्या कागदावरही मी रेघाच मारून ठेवल्या, तो मेल्यानंतरसुद्धा.

मग नीलम्माने माझ्या हातातून कागद काढून घेतला. मला वाटले, आता ती तो कमरेला खोचून उठणार. तिने तो एकदा गालाला लावला, पहिल्या घड्यांवरच पुन्हा बारीक घडी घातली आणि कुलसुमबीच्या हातात दिला. "माझाबी पोरगा त्याच्यासंगट हुता बाई," एवढेच बोलली. कुलसुमबीने विचारले, "आला का त्यो?" नीलम्मा म्हणाली, "आला. ट्रंकंतनं."

येताना तीन तास एसटीत आम्ही शेजारी बसून होतो. उमरग्याला उतरल्यावर मी विचारले, का दिलास? ती म्हणाली, "तुमी मागिटला असता तर तिला समदं सांगावं लागलं असतं. तुमास्नी सांगायला लई आवडतं."

तुमचा माझा हिशेब मी लावत बसत नाही. दोघांनी मिळून एका पोराचा शेवटचा कागद घालवला. मी चूक दाखवायच्या नादात, तुम्ही खरे लपवायच्या. पुन्हा मला पत्र लिहू नका.

अकरा पत्रे मात्र पाठवा. पाकिटावर माझे नाव घालू नका, नीलम्माचे घाला. ती रोज दुपारी टपालवाल्याची वाट पाहत दारात बसते. वाचून दाखवू का, असे मी तिला विचारले. नको म्हणाली. ती पत्रे त्याच लोखंडी ट्रंकेत ठेवायची तिने ठरवले आहे. ट्रंकेला कुलूप घातले आहे, आणि माझी लाल पेन्सिल घरात आहे तोवर किल्ली तिच्या कमरेला राहणार आहे.

पेन्सिल मी काल मोडून चुलीत टाकली. तिला सांगितले. तिने किल्ली काढली नाही.

शिवलिंगप्पा